बालगंधर्व : रंगमंचावरून बैठकीकडे

बालगंधर्व हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती भरजरी शालू नेसलेली, केसांत गजरा माळलेली रुक्मिणी. ऑर्गन आणि सारंगी ह्यांच्या मिलाफातून उमलणारा तो स्वर, वन्स मोअरच्या मागण्यांनी पहाटेपर्यंत लांबणारे ते प्रयोग आणि त्या प्रयोगांसाठी गावोगावहून लोटणारी माणसे, ह्या साऱ्यांचे वर्णन अनेकांनी अनेकदा केलेले आहे. त्याच बालगंधर्वांच्या आयुष्याची अखेरची पंधरा-वीस वर्षे मात्र चरित्रकारांनी बहुधा करुणेने आणि घाईने आटोपली आहेत. शालू नाही, दागिने नाहीत, नाटक मंडळी नाही, पायांत उभे राहण्याचे बळ नाही, अशा स्थितीत एक वृद्ध गायक बैठकीवर बसून आपली जुनी नाट्यपदे आणि भजने गात आहे, हे चित्र पाहणाऱ्याला शोचनीय वाटे. परंतु ह्या चित्राकडे केवळ शोकान्त म्हणून पाहिले तर त्या कलावंताच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा अर्थ निसटतो. अंगावरचे एकेक आभूषण काळाने उतरवून घेतल्यावर शेवटी जे उरले, तेच मुळात त्यांचे खरे वैभव होते.

नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. घरची परिस्थिती बेताची होती, परंतु मुलाच्या गळ्यातील गोडवा लहानपणीच लक्षात आला. जळगावी नातलगांकडे असताना मेहबूबखान ह्यांच्याकडून त्यांना गाण्याचे प्राथमिक धडे मिळाले. दहाएक वर्षांचे असताना पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे त्यांचे गाणे झाले आणि लोकमान्यांनी कौतुकाने त्यांना बालगंधर्व म्हटले. हे नाव पुढे इतके रूढ झाले की नारायणराव राजहंस हे मूळ नाव केवळ कागदपत्रांपुरते उरले. वयाची साठी-सत्तरी गाठलेल्या माणसालाही महाराष्ट्र बालगंधर्वच म्हणत राहिला.

ज्या रंगभूमीवर त्यांचे पाऊल पडणार होते ती तेव्हा पंचविशीत आलेली होती. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्यामागे पारशी मंडळीच्या ‘इंद्रसभा’ ह्या संगीत खेळाची प्रेरणा होती. त्या काळी अशा खेळाला ऑपेरा म्हणत. युरोपातील ऑपेरामध्ये संवादही बहुधा गाऊनच म्हटले जातात आणि संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी गायकाला बांधून ठेवते. मराठी संगीत नाटक तसे नाही. त्याचे जवळचे नाते शोधायचेच झाले तर ते स्पेनमधील सार्सुएला ह्या नाट्यप्रकाराशी जुळेल, कारण त्यातही गद्य संवाद आणि गाणी आलटून पालटून येतात. मराठी नाटकातील गायक नट मात्र सार्सुएलातील गायकाहूनही अधिक मोकळा होता. पदाची चाल ठरलेली असली तरी ते किती फुलवायचे हे त्याच्या प्रतिभेवर आणि समोरच्या रसिकांवर अवलंबून असे. म्हणूनच नाट्यपद नाटकातून बाहेर पडून बैठकीत येऊन बसू शकले. ही गोष्ट पुढे बालगंधर्वांच्या आयुष्यात निर्णायक ठरणार होती.

१९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर निवर्तले आणि किर्लोस्कर मंडळीला गायक नटाची उणीव तीव्रतेने भासू लागली. ती भरून काढण्यासाठी नारायणरावांकडे लक्ष वळले. मध्ये एक अडचण होती. त्यांना कमी ऐकू येत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात त्यांच्या कानावर उपचार करविले आणि त्यांच्या मंडळीप्रवेशाला पाठबळ दिले. १९०५ मध्ये मिरजेस ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या भूमिकेत ते प्रथम उभे राहिले. गोविंद बल्लाळ देवल ह्यांच्यासारख्या साक्षेपी नाटककाराची तालीम त्यांना लाभली. शब्द स्पष्ट उच्चारावा, त्यातील भाव सुरात विरघळू द्यावा आणि पद म्हणजे गायनाची संधी नसून पात्राचे बोलणेच आहे हे विसरू नये, ही देवलांची शिस्त त्यांच्या गळ्यात कायमची मुरली.

गाण्याची खरी दीक्षा मिळाली ती भास्करबुवा बखले ह्यांच्याकडून. ह्या गुरुपरंपरेचा एक धागा इंदूरशी जोडलेला आहे. भास्करबुवा स्वतः बालपणी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करीत असत. मंडळीचा मुक्काम इंदुरात असताना थोर बीनकार बंदे अलीखाँ ह्यांनी त्या मुलाचे गाणे ऐकले आणि प्रसन्न होऊन त्याला शिकविण्यास आरंभ केला. पुढे आवाज फुटल्यावर मंडळीत उपेक्षा वाट्याला आली, तेव्हा भास्करबुवांनी रंगभूमी सोडली आणि फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ ह्या उस्तादांच्या सेवेत राहून विद्या मिळविली. नाटकातून निघून मैफलीचा बादशहा झालेल्या ह्या गुरूने आपली विद्या पुन्हा नाटकाच्या ओटीत घातली, आणि ती घेणारा शिष्य होता बालगंधर्व.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. गोविंदराव टेंबे ह्यांनी चाली दिलेल्या होत्या आणि भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती. त्याच दिवशी त्यांची चिमुकली मुलगी मृत्यू पावली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते, परंतु बालगंधर्वांनी ते मानले नाही. दुःख मनात दाबून ते रंगमंचावर उभे राहिले आणि नाटक अपूर्व रंगले. ह्या घटनेचा उल्लेख त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात त्यांच्या स्वभावाची किल्लीही आहे. प्रेक्षक हा त्यांच्या दृष्टीने तिकीट काढून आलेला ग्राहक नव्हता, तो मायबाप होता. त्याचे काही देणे आपल्या माथ्यावर आहे आणि ते गाऊनच फेडायचे आहे, अशी त्यांची जन्मभर श्रद्धा होती.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस ह्यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. भास्करबुवांनी आपल्या साठ्यातील उत्तमोत्तम बंदिशी ह्या नाटकासाठी मोकळ्या केल्या. यमन, भीमपलास, बिहाग ह्या रागांतील रुक्मिणीची पदे ऐकून रागदारीचा गंधही नसलेली माणसे घरी ते राग गुणगुणू लागली. ख्यालगायन तोवर संस्थानिकांच्या दरबारात आणि मूठभर जाणकारांच्या दिवाणखान्यात वावरत होते. त्याला सामान्य मराठी कुटुंबाच्या माजघरापर्यंत पोचविण्याचे श्रेय ज्या थोड्या नाटकांना द्यावे लागते, त्यांत ‘स्वयंवर’चे स्थान अग्रभागी आहे.

‘एकच प्याला’ नाटकाने त्यांची वेगळी कसोटी पाहिली. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीस, बडोद्यात ह्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचली होती आणि त्यांच्या चालींना सुंदराबाई जाधवांच्या गायकीचा आधार होता. रुक्मिणीचा शालू उतरवून सिंधूचे ठिगळ लावलेले लुगडे नेसणारे बालगंधर्व पाहून प्रेक्षक स्तिमित झाले. वेषाचे ऐश्वर्य नसतानाही तोच स्वर काळजाला भिडतो, हे त्या वेळीच सिद्ध झाले होते. त्याचा पुरता अर्थ कळायला मात्र आणखी तीस वर्षे जावी लागली.

वैभवाच्या ह्या काळातील सर्वांत झगमगती रात्र म्हणून ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’चा उल्लेख करावा लागेल. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले ह्यांची ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी संस्था मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात एकत्र आल्या. धैर्यधर केशवरावांचा आणि भामिनी बालगंधर्वांची. एकाचा गळा तेजस्वी, चढा, विजेसारखा चमकणारा. दुसऱ्याचा मृदू आणि लयीच्या अंगाने हळुवार वळणे घेणारा. महाराष्ट्राने ज्यांची नेहमी तुलना केली ते दोन गायक त्या रात्री एकमेकांना पूरक ठरले. पुढे तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचे निधन झाले. मराठी रंगभूमीच्या स्मरणात ती रात्र त्यामुळे अधिकच खोल रुतून बसली.

बाहेर दिपवून टाकणारा प्रकाश होता, परंतु मंडळीच्या हिशेबाच्या वह्यांत अंधार होता. बालगंधर्वांना पैशाचा व्यवहार कधीच कळला नाही. उंची वस्त्रे, अत्तरे, गालिचे, ‘द्रौपदी’ नाटकातील मयसभेचा खर्चिक देखावा, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष ह्यांच्यासारखे अव्वल दर्जाचे कलावंत, आणि मंडळीत मोठ्या पंक्तीचा थाट! जे उत्तम ते प्रेक्षकांपुढे ठेवायचे, मग त्याचे मोल काहीही असो. टेंबे आणि बोडस हे दोघेही भागीदार एकामागून एक वेगळे झाले. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझी भूमिका’ ही त्या दोघांची आत्मचरित्रे वाचणाऱ्याला त्या काळाची अंतर्बाह्य ओळख होते. १९२१ च्या सुमारास कर्जाचा आकडा लाखांच्या घरात गेल्याचे उघड झाले. बालगंधर्वांनी दिवाळे काढण्याचा सोपा मार्ग पत्करला नाही. सावकारांच्या देखरेखीखाली ठरावीक वेतनावर स्वतःच्याच मंडळीत राबून दशक संपण्याच्या आत त्यांनी ते ऋण फेडले. ह्याबद्दल लोकांना त्यांचा अभिमान वाटला. व्यवहाराचा धडा मात्र त्यांनी ह्यातूनही घेतला नाही, आणि पुढच्या आपत्तीचे मूळ ह्यातच होते.

१९३१ मध्ये ‘कान्होपात्रा’ रंगभूमीवर आले. मास्तर कृष्णराव ह्यांच्या चालींनी नटलेल्या ह्या नाटकात संतांच्या अभंगवाणीला मोठे स्थान होते. बालगंधर्वांच्या गळ्यातील शृंगार येथे भक्तीकडे वळला. नायिकेचे लाडिक आर्जव आणि भक्ताचा आर्त धावा ह्यांत अंतर किती थोडे असते, ते त्या गायनाने दाखवून दिले. त्यांच्या उत्तरायुष्यातील भजनांची बीजे ह्याच नाटकात सापडतात.

परंतु काळ पालटत होता. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाट्यगृहे ओस पडू लागली. स्त्रिया स्वतः रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या, त्यामुळे पुरुषाने स्त्रीवेष घेण्याचे प्रयोजनच संपत चालले. बालगंधर्वांचे वय पन्नाशीकडे झुकले होते आणि शरीर स्थूल झाले होते. मंडळी कर्जात बुडाल्यावर त्यांनी प्रभात कंपनीशी करार केला. व्ही. शांताराम ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ हा बोलपट १९३५ मध्ये प्रकाशित झाला आणि त्यात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. आणखी चित्रपट काढण्याचे ठरले होते, पण हा संबंध एका चित्रपटातच संपला. समोर जिवंत श्रोता नाही, वन्स मोअर नाही, तुकड्यातुकड्याने गायचे आणि यंत्राच्या सोयीने थांबायचे, हे त्यांच्या प्रकृतीला मानवण्यासारखे नव्हते. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ हा आणखी एक प्रयत्न झाला, तोही निष्फळ ठरला.

ह्याच सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या जीवनात आल्या. त्या स्वतः बालगंधर्वांच्या गायकीच्या निस्सीम उपासक आणि चांगल्या गायिका होत्या. मंडळीत त्या स्त्रीभूमिका करू लागल्या. त्यावरून आप्त दुरावले, सहकारी सोडून गेले आणि समाजाने नाके मुरडली. बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या आणि १९५१ मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. मंडळीच्या ऱ्हासाचे खापर गोहरबाईंच्या माथी फोडण्याची रीत बराच काळ होती. तटस्थपणे पाहता, ज्या कर्जाने आणि काळाच्या ज्या बदलाने मंडळी मोडली ते दोन्ही त्यांच्या आगमनापूर्वीचे होते हे मान्य करावे लागते. आजारी, विपन्न बालगंधर्वांची शुश्रूषा त्यांनी अखेरपर्यंत केली, ह्याविषयी तर दुमत असण्याचे कारण नाही.

साठीच्या आसपास बालगंधर्वांच्या पायांतील शक्ती गेली आणि नाटकाचे दार बंद झाले. येथे एखाद्या नटाची कहाणी संपली असती, परंतु गायकाची संपली नाही. ते बसून गाऊ लागले. कार्यक्रमाला त्यांना इतरांनी आधार देऊन आणावे लागे. साध्या वेषातील एक वृद्ध गृहस्थ बैठकीवर टेकत, श्रोत्यांना नम्रपणे नमस्कार करीत आणि सूर लागे. ‘स्वयंवर’, ‘मानापमान’, ‘एकच प्याला’ ह्या नाटकांतील पदे होत आणि त्यांच्या जोडीला भजने येत. युरोपातील वयोवृद्ध ऑपेरा गायकही रंगभूमीवरून निवृत्त झाल्यावर असेच करतात. ज्या भूमिकांनी नाव मिळवून दिले त्यांतील निवडक गाणी आणि शेवटी आपल्या मातीतील सुरावटी, असा त्यांच्या जलशाचा क्रम असतो. बार्सिलोनाची विख्यात गायिका व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आपल्या मैफलीच्या अखेरीस स्वतः गिटार हाती घेऊन स्पॅनिश गीत गात असे. देश निराळे आणि संगीतही निराळे, पण ओढ एकच. रंगमंचावर दुसऱ्याचे सुखदुःख गाऊन झाल्यावर कलावंत शेवटी आपल्या घरच्या सुराकडे वळतो. बालगंधर्वांसाठी तो घरचा सूर अभंगाचा होता.

ह्या बैठकींना येणारे श्रोते दोन प्रकारचे असत. काहींनी तारुण्यात ती रुक्मिणी पाहिलेली होती. त्यांना समोरचे दृश्य सहन होत नसे आणि आपल्या स्मृतीतील मूर्ती भंगू नये म्हणून अनेकांनी जाण्याचेच टाळले. दुसरे श्रोते तरुण होते. त्यांनी तो वैभवाचा काळ पाहिलेला नव्हता आणि म्हणून हरवलेल्या वस्तूचा हिशेब करण्याचे त्यांना कारण नव्हते. त्यांना दिसले ते निखळ गाणे. आवाजाची झळाळी ओसरलेली होती, दमसास तोकडा झाला होता, हे कोणी नाकारू नये. परंतु लयीच्या अंगाने शब्द अलगद सोडण्याची हातोटी, पदाच्या मुखड्याकडे सहज परत येण्याची ती कुशलता, एखाद्या अक्षरावर घेतलेली बारीकशी हरकत आणि शब्दाच्या अर्थाला कधीही न ढळणारा स्वर, ह्या गोष्टी जशाच्या तशा होत्या. शालूच्या झगमगाटात ज्या गुणांकडे कदाचित दुर्लक्ष झाले असते ते आता उघड्या प्रकाशात ऐकू येत होते.

त्या गाण्याचा असा शोध घेणाऱ्यांत अग्रगण्य नाव इंदूरच्या शेजारी देवासला राहणाऱ्या कुमार गंधर्वांचे आहे. साठच्या दशकात त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम रचला. तो नकलेचा कार्यक्रम नव्हता. रागदारी गायकाने नाट्यपदाकडे गंभीर संगीत म्हणून पाहावे, त्यातील लय, शब्द आणि स्वर ह्यांच्या नात्याचा अभ्यास करावा, हे त्यातून ठामपणे सांगितले गेले. माळव्याच्या भूमीत एके काळी बंदे अलीखाँनी ज्या मुलाला विद्या दिली, त्याच्या शिष्याचे गाणे ह्याच भूमीतील दुसऱ्या थोर गायकाने अशा रीतीने नव्या पिढीच्या हाती सोपविले. हीराबाई बडोदेकरांपासून भीमसेन जोशींपर्यंत अनेकांनी ख्यालानंतर नाट्यपद गाण्याची प्रथा दृढ केली, तिच्याही मुळाशी बालगंधर्वांनी घडविलेली अभिरुची आहे.

मानसन्मान उशिरा का होईना, आले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. त्याच १९६४ साली गोहरबाई निवर्तल्या आणि त्यांचा अखेरचा आधार तुटला. पुण्यात त्यांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसविली गेली होती. ते रंगमंदिर पूर्ण झालेले पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. पुढील वर्षी २६ जूनला, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. ज्याला आयुष्यभर स्वतःचे नाट्यगृह लाभले नाही त्याचे नाव घेऊन एक नाट्यगृह उभे राहिले.

२०११ मध्ये ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला आणि त्यांना कधीही न पाहिलेल्या पिढीच्या ओठांवर ती पदे पुन्हा खेळू लागली. इंदुरात जुन्या राजवाड्याभोवतीच्या मराठी वस्तीपासून विजय नगरसारख्या नव्या वसाहतींपर्यंत पसरलेल्या घरांत आजही गणेशोत्सवाच्या किंवा कोजागरीच्या निमित्ताने एखादी गृहिणी रुक्मिणीचे पद गाते, तेव्हा तिच्या अंगावर पैठणी असो की साधी साडी, ऐकणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही. बालगंधर्वांनी आपल्या मायबाप प्रेक्षकांचे ऋण जन्मभर गाऊन फेडले. त्यांच्यासाठी लाखो रुपये उधळले ते सारे सरले. उतारवयात दोन माणसांच्या आधाराने बैठकीवर येऊन, हाती काहीच उरले नसताना, जे दिले ते मात्र मराठी घरांत अजून शिल्लक आहे.